दोन्हीकडे तोच पत्ता

तिचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. गजर दोन असायचे, एक उशाशी आणि एक स्वयंपाकघरात. पहिल्यावर माणूस कूस बदलतो, दुसऱ्यासाठी उठावंच लागतं. आम्ही तिच्या खालच्या मजल्यावर राहायचो, त्यामुळे दोन्ही आम्हालाही ऐकू यायचे. बायको म्हणायची, "नोकरी हिची आणि हजेरी आपली."

तिला सगळे डबल म्हणायचे. किल्ल्या दोन, पेनं दोन, एक छत्री घरी तर एक कामावर. दाराला कुलूप लावून जिना उतरायची, अर्ध्यावरून परत वर जायची आणि कुलूप ओढून बघायची. कुणीतरी चेष्टेत डबल म्हटलं आणि ते चिकटलं. तिने मनाला लावून घेतलं नाही. "सिंगलपेक्षा बरं," म्हणायची.

घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. वडील शिंपी, म्हणून त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. उभं आयुष्य पायाने शिलाई मशीन चालवलं, आणि म्हातारपणी त्याच पायांनी दगा दिला. आधी गुडघे गेले, मग कंबर. सपाट जमिनीवर काठी धरून चालायचे, पण पायरी आली की संपलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. म्हणजे मास्तर वर अडकले ते अडकलेच. डबलचा भाऊ दुसऱ्या गावात असायचा. तो वडिलांना उचलायचा, पण फोनवरून. "रोज थोडं चालवत जा त्यांना," असं सांगायचा. कुठे चालवायचं, ते सांगायचा नाही.

डॉक्टरकडे न्यायचं असलं की मी आणि वॉचमन त्यांना खुर्चीत बसवून खाली आणायचो. जिन्यावरून खुर्ची उतरवताना पुढचा माणूस उलटा चालतो. सगळा भार त्याच्या मनगटांवर येतो, आणि "सावकाश, सावकाश" असं मागचा म्हणत राहतो. मी कायम पुढे असायचो. जन्मभर सामान हलवायचं काम केलं, त्यामुळे वजनाचं मला काही नव्हतं. पण कपाट उतरवताना कपाट डोळे मिटून घेत नाही. मास्तर घ्यायचे. खाली पोचलो की उघडायचे आणि म्हणायचे, "पोचलं का पार्सल?"

डबलने मनात एकच गोष्ट धरली होती. वडिलांना तळमजल्यावर आणायचं. आमच्याच गल्लीत सायकलवाल्याच्या दुकानामागे दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. दाराला पायरी नाही, समोर फरसबंद अंगण, अंगणातून थेट रस्ता. सायकलवाल्याला आधीच्या भाडेकरूने बुडवलं होतं. दुधाने पोळलेला माणूस तो, ताकही फुंकून प्यायला लागला होता. म्हणाला, "कायम नोकरीचं पत्र आण आणि किल्ली घे. कंत्राटावरच्या माणसाला मी खोली देत नाही. राग मानू नकोस."

तिने राग मानला नाही. कंत्राटावर होती हे खरंच होतं.

आम्ही दोघं एकाच इस्पितळात कामाला होतो. मी सामान हलवणाऱ्यांच्या टोळीत, ती संगणक विभागात. सुरुवातीला ती नोंदणीच्या खिडकीत बसून पेशंटची नावं टाइप करायची. ते करता करता संध्याकाळच्या वर्गाला गेली आणि डेटाबेसचं काम शिकली. इस्पितळाची सगळी माहिती, म्हणजे कोण भरती आहे, कुणाला कोणतं औषध, कुणाचं रक्त कोणत्या गटाचं, एका जागी ठेवायचं आणि मागितलं की द्यायचं, ते काम डेटाबेस करतो. तो चालतो सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे संगणकच, पण लोखंडी आणि वजनदार. दोघांनी उचलायचा. एकट्याने उचलला तर पाठीला कळतं.

इतकी वर्षं एकच सर्व्हर होता. तो बंद पडला की इस्पितळ आंधळं. नोंदणीची रांग दारापर्यंत जायची, औषधवाले डोक्याला हात लावून बसायचे. म्हणून वरच्यांनी ठरवलं, की आता दोन सर्व्हर घ्यायचे. एक काम करेल, दुसरा तयार उभा राहील. पहिला पडला की दुसऱ्याने आपण होऊन काम हातात घ्यायचं. अशा जोडीला क्लस्टर म्हणतात आणि त्या हातबदलाला फेलओव्हर. ही जोडी उभी करायचं काम डबलकडे आलं. प्रशासक मॅडमनी शब्द दिला, की जोडी चालली तर कायम नोकरीचं पत्र.

सर्व्हर आम्हीच वर नेले. एक डावीकडच्या लोखंडी चौकटीत बसवला, दुसरा उजवीकडच्या. त्यावरून त्यांची नावं पडली, डावी आणि उजवी. मध्ये डिस्कांचं एक कपाट, दोघींच्या मालकीचं.

जोडणी चालू असताना मी तिला विचारलं, "दोन मशिनं आणली, दोघींना वायर लावली, झालं की. इतके दिवस काय करतेस?"

तिने मला वडिलांच्या भाषेत सांगितलं. "काका, एका दुकानात दोन शिंपी आहेत समजा. गिऱ्हाइकाचं कापड कुठे ठेवायचं? मधल्या कपाटात. म्हणजे एक आजारी पडला तर दुसरा कपाट उघडून अर्धा शिवलेला शर्ट पुढे शिवेल. माहिती मधल्या कपाटात, ती अशी. पण शिलाई मशीन ज्याचं त्याच्याजवळ. म्हणजे डेटाबेसचा प्रोग्राम दोघींवर वेगवेगळा बसवायचा, आपापल्या डिस्कवर."

"कळलं."

"आता तिसरी गोष्ट. कापताना चिंध्या पडतात, खडूच्या खुणा होतात. त्या कपाटात ठेवत नाहीत. त्याला जवळच एक फळी लागते, हाताशी. डेटाबेसलाही कच्च्या कामाला अशी जागा लागते. ती मी मधल्या कपाटात ठेवली नाही. दोघींच्या आपापल्या डिस्कवर दिली, म्हणजे काम भराभर होतं."

"मग अवघड काय त्यात?"

"पत्ता. डावीवर कच्च्या कामाची जागा ज्या पत्त्यावर, उजवीवर त्याच पत्त्यावर पाहिजे. फोल्डरचं नाव, त्याच्या आधीचं नाव, संगणक डिस्कला देतो ते अक्षर, सगळं तंतोतंत. कारण पत्ता डेटाबेसला एकदाच सांगतात. उजवीवर गेला तरी तो तोच पत्ता शोधणार."

"आणि नाही सापडला तर?"

"तर उभाच राहणार नाही."

हे सगळं ती मजेत सांगत होती. बाकीच्यांना हे काम कंटाळवाणं वाटायचं. प्रोग्राम बसवताना पडद्यावर एकेक चौकट येते, तिच्यात जागा आधीच लिहिलेली असते आणि माणूस पुढे, पुढे, पुढे दाबत जातो. डबल प्रत्येक चौकटीपाशी थांबायची. प्रोग्राम कुठे, माहिती कुठे, झालेल्या व्यवहारांची नोंद कुठे, कच्चं काम कुठे. ओठ हलवत वाचायची आणि मगच पुढे जायची. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीचा एक माणूस जोडणीला यायचा. तो जांभया देत म्हणायचा, "डबल, त्या चौकटीत तुझं नशीब लिहिलंय का गं?"

"नशीब नाही, पत्ता लिहिलाय. नशीब परत बदलता येतं की नाही माहीत नाही. हा बदलायला सगळं उपटून परत बसवावं लागतं."

काम संपलं. मशीनच्या खोलीत मॅडम आल्या, कंपनीचा माणूस आला, आणि बरोबर पत्र आलं. छापलेलं, शिक्का मारलेलं, फक्त सही बाकी. पडद्यावर डावी आणि उजवीच्या नावांपुढे हिरवे ठिपके होते.

कंपनीचा माणूस म्हणाला, "दोन्ही हिरव्या. मॅडम, करा सही."

मॅडमनी पेन काढलं. डबल म्हणाली, "थांबा मॅडम. हिरवं म्हणजे जिवंत आहे एवढंच. काम करायला उभी राहते का ते बघायचंय."

"म्हणजे काय करायचं?"

"डावीची वीज काढायची."

"आत्ता? दिवसा? खिडकीवर रांग आहे."

"म्हणूनच. रांग नसताना पडली तर कुणाचंच अडत नाही."

मॅडम कपाळाला आठी घालून उभ्या. मला सायकलवाल्याच्या खोल्या माहीत होत्या. त्याने दिलेली मुदत त्या संध्याकाळी संपत होती, तेही माहीत होतं. मी तिच्या कानाशी म्हटलं, "सही घेऊन टाक आधी. मग उपट काय उपटायचं ते."

"सही झाल्यावर कोण उपटू देईल, काका?"

बरोबर होतं. पत्र मिळालं असतं, ठिपके हिरवे राहिले असते, आणि उजवी उभी राहते का हे कळायला खरोखरच डावी मरायची वाट बघावी लागली असती. मॅडमनी मान हलवली. डबल मला म्हणाली, "काका, मागच्या दोन्ही वायरी उपटा."

"हळू का?"

"हळू कशाला? वीज काय सांगून जाते?"

एकेका सर्व्हरला विजेच्या दोन वायरी असतात. एक हातात आली, दुसरीला चाप होता, ती अडली. पंखे चालूच. मॅडमचा चेहरा खुलला. "काहीच झालं नाही! छान बसवलंय गं!"

"मॅडम, अजून एक वायर आहे," मी म्हटलं आणि चाप दाबून ओढली. डावी गप्प झाली.

सगळे पडद्याकडे बघायला लागले. मधलं कपाट उजवीने घेतलं, तेवढं बरोबर झालं. मग डेटाबेस उभा राहायला लागला, आणि पडला. परत उभा राहायला लागला, परत पडला. मग लाल झाला आणि लालच राहिला. फोन वाजायला लागले. नोंदणीचा, औषधांचा, मग कुठल्याशा डॉक्टरांचा, ज्यांचा आवाज फोन न उचलताच ऐकू आला असता.

"काका, लावा वायरी," डबल म्हणाली. मी लावल्या. डावी जागी झाली, काम परत सुरू झालं. डबल उजवीच्या समोर बसली आणि काय झालंय ते वाचत राहिली. फार वेळ लागला नाही. ती उठली, उजवीच्या मागे गेली, वाकली आणि उभी राहिली. हातात काही घेतलं की काय, ते मला नीट दिसलं नाही.

"चूक माझी आहे मॅडम," ती म्हणाली. "कच्च्या कामाची डिस्क डावीवर ई या अक्षराखाली आहे. उजवीवर ती एफ आहे. फोल्डर दोन्हीकडे आहे, नाव तेच आहे. अक्षर मी बघितलं नाही."

"एका अक्षरासाठी?"

"एका अक्षरासाठी."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. पण खाली रांगेतली माणसं ओरडत होती आणि त्याचं उत्तर त्यांना द्यायचं होतं. पत्र घडी न घालता त्यांनी फाइलमध्ये ठेवलं. "नीट कर. मग बघू," म्हणाल्या आणि गेल्या.

कंपनीच्या माणसाला एवढंच पुरलं. "काय डबल, सिंगल झालीस की!"

ती त्याच्याजवळ गेली आणि मूठ उघडली. मुठीत एक पेनड्राइव्ह होता.

"हा तुझा. उजवीच्या मागे लावलेला होता."

त्याचं हसू जिरलं. उजवी तयार करताना त्याने तो लावला होता आणि काढायला विसरला. ई हे अक्षर त्या पेनड्राइव्हने घेतलं, म्हणून बिचाऱ्या डिस्कला पुढचं अक्षर मिळालं. रिकाम्या बाकावर कुणी पिशवी ठेवून जावं आणि माणसाला शेजारी बसायला लागावं, तसं. डबलने डिस्कचं नाव बघितलं, आकार बघितला, फोल्डर केलं. ई आहे का, तर पडद्यावर ई होतं, पेनड्राइव्हचं. एफ आहे का, तर डावीवरही एफ होतं, दुसऱ्याच कशाला तरी. सगळं ओळखीचं दिसत होतं, आणि ओळखीच्या गोष्टी माणूस वाचत नाही.

"मॅडमना सांगितलंस?" त्याने विचारलं.

"काय सांगू? ड्राइव्ह तुझा, पण अक्षर बघायचं काम माझं."

त्या दिवसापासून त्याने तिला नशिबावरून चिडवलं नाही, आणि जांभयाही बाहेर जाऊन द्यायला लागला.

संध्याकाळी आम्ही बरोबरच घरी निघालो. ती सायकलवाल्याकडे थांबली. तो ट्यूबला ठिगळ लावत होता. तिने सांगितलं, पत्र नाही मिळालं, अजून थोडे दिवस द्या. तो वर न बघता म्हणाला, "पोरी, दुसरं गिऱ्हाईक सकाळपासून दोनदा येऊन गेलंय. तुझ्यासाठीच थांबलो होतो." एवढं बोलून तो पंप मारायला लागला. खोल्या गेल्या.

चार मजले ती एका दमात चढायची. त्या दिवशी आमच्या दाराशी थांबली. बायकोने पाणी दिलं. ते पिऊन म्हणाली, "काका, वर चला. मी एकटी सांगितलं तर ते मलाच समजावत बसतील."

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत होते. तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे कात्री होती ना उजव्या शिंप्याकडे?"

"होती बाबा. पण खालच्या खणात."

"मग वरच्यात नाही मिळाली तर माणूस खालचा खण उघडेल."

"माणूस उघडेल. मशीन नाही उघडत."

"मग मशीन मूर्ख आहे."

"म्हणूनच आपण शहाणं असावं लागतं ना."

मास्तर म्हणाले, "आणि तू ती वायर उपटली नसतीस तर आज खोली मिळाली असती."

"हो."

"मग कधीतरी ती बया आपोआप पडली असती, आणि कुणाचंतरी रक्त कोणत्या गटाचं ते कळलं नसतं."

"हो."

"बरं," मास्तर म्हणाले. "मग जेवायला वाढ. नाहीतरी मला वरून रस्ता चांगला दिसतो. खाली गेलो असतो तर लोकांच्या फक्त चपला दिसल्या असत्या."

ती हसली नाही. पानं घेतली. मी खाली आलो.

पुढचे काही आठवडे तिने जे केलं त्याला मी मेहनत म्हणतो. अक्षर बदलणं मिनिटाचं काम, ते तिने त्याच दिवशी केलं होतं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. उजवीवर बसवलेलं सगळं काढून टाकलं आणि पहिल्यापासून परत बसवलं. म्हणाली, एक ठिगळ दिसलं म्हणजे अजून असतील. मॅडमनी सुट्टीच्या एका सकाळी वीज न काढता नुसतं काम एकीवरून दुसरीवर हलवून बघायची परवानगी दिली. डबलने हलवलं, आणि उजवी परत पडली.

मी तिथेच होतो, जुनी कपाटं हलवायला आलो होतो. आता ही रडणार असं मला वाटलं. ती म्हणाली, "अरे वा!"

"अरे वा काय? पडली ना?"

"पडली, पण वेगळ्या कारणाने पडली. म्हणजे पत्ता सापडला. दाराशी जाऊन उभी आहे, आत जायची परवानगी नाहीये."

डेटाबेस ज्या खात्याच्या नावाने चालतो, त्या खात्याला डावीवरच्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्क होता. उजवीवर फोल्डर हाताने केलेलं, तिथे तो द्यायचा राहिला होता. तिने दिला. मग हलवलं, उजवी उभी राहिली. परत डावीवर आणलं, डावी उभी राहिली. परत नेलं, परत आणलं. मी कपाटं संपवून आलो तरी तिचं नेणं-आणणं चालूच होतं.

"किती वेळा करशील?" मी म्हटलं.

"कंटाळा येईपर्यंत. मला कंटाळा आला म्हणजे समजायचं, आता काही वेगळं होत नाहीये."

मॅडम दुसऱ्या चाचणीला लगेच तयार नव्हत्या. त्या दिवशीच्या रांगेवरून त्यांनी बोलणी खाल्ली होती. डबल त्यांच्याकडे जायची, त्या "बघू" म्हणायच्या, ती परत यायची. तिने तक्रार केली नाही, मधल्या काळात कुणाला दोष दिला नाही. पण घर शोधायचं थांबवलं. मला ते खटकलं. विचारलं तर म्हणाली, "पत्र नसताना दार वाजवायला लाज वाटते, काका. आणि बाबांना दरवेळी सांगावं लागतं, की बघून आले." पहाटेचे दोन्ही गजर मात्र चालू होते.

शेवटी मॅडमनी दिवस दिला. जेवणाच्या सुट्टीत, रांग कमी असते तेव्हा. पत्र या वेळी बरोबर आणलं नव्हतं. कंपनीचा माणूस आपण होऊन आला. उजवीच्या मागे जाऊन वाकून बघितलं, डावीच्या मागेही बघितलं. "काही लावलेलं नाहीये," म्हणाला. डबल म्हणाली, "मी बघितलंय. पण दोनदा बघितलेलं चांगलं."

"काका, वायरी."

या वेळी मी आधी चाप दाबला, मग दोन हातांनी दोन्ही एकदम ओढल्या. डावी गप्प. खोलीत फक्त उजवीचे पंखे. पडद्यावर मधलं कपाट उजवीकडे गेलं. डेटाबेस उभा राहायला लागला. मॅडम तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. ठिपका पिवळा होता. पिवळाच होता. मग हिरवा झाला.

डबलने फोन उचलून नोंदणीच्या खिडकीला विचारलं, "चालू आहे का?" पलीकडची बाई म्हणाली, "मधे जरा अडकलं होतं. आता आहे. का गं, काही झालं का?"

"नाही. काही नाही."

मॅडमनी मोठा श्वास सोडला. "झालं एकदाचं!"

"अर्धं झालं मॅडम. काका, वायरी लावा. गेलेलं परत येतं का बघू."

"आता कशाला? चालतंय ना?"

"माहेरी गेलेली परत सासरी येते का, ते बघायला नको?" कंपनीचा माणूसच म्हणाला. सगळे हसले, मॅडमही. मी वायरी लावल्या, डावी तयार झाली. मग उजवीच्या उपटल्या. काम डावीवर आलं. पिवळा ठिपका हिरवा झाला, तेव्हा या वेळी कुणी श्वास धरला नव्हता.

पत्र दुसऱ्या दिवशी मिळालं. सही ठळक होती.

सायकलवाल्याच्या खोल्यांत तोपर्यंत कुणीतरी रंगाचे डबे भरून ठेवले होते. डबलने परत शोधायला सुरुवात केली. मिळाल्या त्या खोल्या दोन गल्ल्या पलीकडे, एका छापखान्याशेजारी. भिंतीपलीकडे यंत्र दिवसभर धडधडायचं. दाराला एक पायरी होती, पण मालक म्हणाला, तुमच्या खर्चाने काय करायचं ते करा. तिने आपल्या पगारातून गवंडी लावला आणि पायरी फोडून उतार केला. मी सांगितलं तेवढा लांब केला, आखूड केला असता तर काठी सरकली असती. घर हलवायला आम्ही टोळीतले चौघे गेलो. मास्तरांना खुर्चीतून उतरवलं, मी पुढे. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. प्रत्येक मजल्यावर कुणाच्या दाराला कोणता रंग आहे ते बघत आले.

छापखान्याच्या आवाजाबद्दल डबल ओशाळून म्हणाली, "बाबा, जरा सहन करा. दुसरी बघतेच आहे." मास्तर म्हणाले, "कशाला? कुणीतरी मशीन चालवतंय. बरं वाटतं."

राहायला गेल्यावर काही दिवसांनी ती कामावरून आली तर दार नुसतं ओढलेलं आणि घर रिकामं. खुर्ची रिकामी, काठी नाही. ती धावत आमच्याकडे आली. इतकी घाबरलेली मी तिला मशीनच्या खोलीतही पाहिली नव्हती. आम्ही दोघं गल्ली शोधत निघालो. छापखान्यात नाहीत, कोपऱ्यावर नाहीत. त्यापुढच्या वळणावर केशकर्तनालय होतं. मास्तर आत आरशासमोर बसलेले, गळ्याला पांढरं फडकं, तोंडभर साबण.

"बाबा! सांगून तरी जायचं!"

"कुणाला सांगू? घरात कुणी नव्हतं." साबणातून एवढंच ऐकू आलं.

न्हावी म्हणाला, "मघाशीच आलेत. काठी टेकत आले, स्वतःच बसले. म्हणाले, आज दाढी दुसऱ्याच्या हातची."

ती बाकावर बसली. मीही बसलो. न्हाव्याने सावकाश काम संपवलं, फडकं झटकलं. मास्तरांनी गालावरून हात फिरवला, खिसे चाचपले, मग दुसरे चाचपले आणि लेकीकडे बघितलं. पैसे न घेताच आले होते.

पैसे तिने दिले.